हिशेब मागतीस मला?

सांगलीकडे ट्रस्ट म्हटलं की लोकांना देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था आठवते. म्हणून एक बाई माझ्याकडे, वकिलाकडे, येण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन आली होती. हा सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, नाही, आमच्याकडे येत नाही, असं तिथं सांगितलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. तिच्या आजोबांनी केलेला ट्रस्ट खासगी, 1882 च्या भारतीय न्यास अधिनियमाखालचा. त्यातला वाद दिवाणी न्यायालयात जातो.

लाभार्थी एकच, तिचा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकलेला, जन्मापासून बौद्धिक अपंगत्व असलेला. आपल्यामागं नातवाचं कसं होणार, या काळजीनं आजोबांनी पेठेतले तीन गाळे ट्रस्टमध्ये घातले, डीड म्हणजे ट्रस्टचा दस्त रजिस्टर केला आणि थोरल्या मुलाला, म्हणजे तिच्या काकांना, विश्वस्त नेमलं. आईवडील गेल्यावर भाऊ बहिणीकडं आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीनं अशा अपंगांसाठीच्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली तिला त्याची पालक नेमलं. काका दरमहा ठरावीक रक्कम पाठवायचे. फिटच्या औषधांचा खर्च वाढला तेव्हा तिनं भाडं नेमकं किती येतं ते विचारलं. त्यावर घरात अबोला धरला गेला.

मी काकांना नोटीस पाठवली. न्यास अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे विश्वस्तानं चोख हिशेब ठेवून लाभार्थीला मागेल तेव्हा माहिती द्यायची असते. कलम 57 प्रमाणे लाभार्थी ट्रस्ट डीड, मालकीची कागदपत्रं, पावत्या, हिशेब पाहू शकतो, नकला घेऊ शकतो. उत्तर आलं ते ठरलेलं: डीडमध्ये लवादाचं, म्हणजे वाद न्यायालयाबाहेर पंचाकडून सोडवायचं, कलम आहे, आणि इतक्या जुन्या हिशेबाची मुदत संपली. दोन्ही मुद्दे टिकणारे नव्हते. विमल किशोर शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये स्पष्ट केलंय की खासगी ट्रस्टमधले असे वाद लवादाकडे जात नाहीत. आणि मुदतीच्या कायद्याचं कलम 10 सांगतं की विशिष्ट हेतूनं मालमत्ता ज्याच्या हवाली केली, त्या विश्वस्ताकडं ती मालमत्ता किंवा तिचा हिशेब मागायला मुदतीचा अडसर नाही. हे कलम मला या सगळ्या कायद्यात सर्वांत मोलाचं वाटतं. ज्याला स्वतःला मागता येत नाही, त्याच्यासाठी मागणारं माणूस पुष्कळदा फार उशिरा उभं राहतं.

मग एका सकाळी काका स्वतःच वह्या घेऊन ऑफिसात आले. वकील बरोबर नव्हता. बसायच्या आधीच पुतणीला म्हणाले, "तुझ्या बापाच्या ठिकाणी आहे मी. आणि हिशेब मागतीस मला?"

ती हळूच म्हणाली, "काका, मी माझ्यासाठी नाही मागत."

मी वह्या उघडल्या. लबाडी सापडेल अशी माझी तयारी होती. सापडलं ते वेगळंच. सुवाच्य अक्षर, घरपट्टी, गिलावा, पुतण्याचे कपडे, मिरजेच्या दवाखान्याची बिलं, रुपयाचाही घोळ नाही. स्वतःच्या मेहनतान्याचा एक पैसा घेतलेला नाही. डीडमध्ये लिहिलेलं नसताना कायद्यानं तो मागताही येत नाही. फक्त दोन नंबरच्या गाळ्यापुढं भाड्याचा रकाना वर्षानुवर्षं कोरा.

"इथं काय?" मी विचारलं.

"तिथं माझं खताचं दुकान हाय की, साहेब. घरच्याच जागेचं भाडं कुणी घेतं व्हय?"

त्यांच्या आवाजात कावा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण ती जागा त्यांच्या घरची नव्हती, पुतण्याची होती. न्यास अधिनियमाच्या कलम 53 नुसार विश्वस्ताला न्यायालयाच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जागा स्वतः भाड्यानंसुद्धा घेता येत नाही, आणि लाभार्थीचा उघड फायदा असेल तरच ती परवानगी मिळते. इथं तर फुकटच वापर. मी शेजारच्या गाळ्यांची भाडी कागदावर मांडली आणि कागद त्यांच्याकडं सरकवला. बराच वेळ ते बेरीज बघत राहिले. मग पुतणीकडं न बघताच विचारलं, "त्याच्या गोळ्यांना महिन्याला किती लागतात?" तिनं आकडा सांगितला. पुढं वाद झाला नाही.

नेक माणसाला एवढं धरावं का, असं काही सहकारी म्हणाले. मी म्हणतो, धरावंच. काकांची नियत चांगली होती आणि तरीही नुकसान झालं ते पुतण्याचंच.

तडजोड आपसात सह्या करून भागत नाही. लाभार्थी स्वतः करार करायला सक्षम नसल्यानं दावा दाखल करून, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32 खाली न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. मागच्या भाड्याची भरपाई हप्त्यांनी, दुकानाचं भाडं बाजारभावानं, ट्रस्टचं खातं वेगळं आणि वर्षाला हिशेबाची प्रत बहिणीकडं, असं ठरलं. गाळा काकांकडं ठेवायला न्यायाधीशांनी परवानगी दिली, पण भाडं दर तीन वर्षांनी नव्यानं ठरवायच्या अटीवर. काकांनंतर विश्वस्त कोण, याबद्दल मात्र आजोबांच्या डीडमध्ये एक अक्षर नाही. काका सत्तरी ओलांडलेले. त्यामुळं आता विश्वस्त नेमून घेण्यासाठी न्यायालयात करायचा अर्ज तयार करतोय, आणि त्यात दुसरा विश्वस्त म्हणून पुतणीचं नाव काकांनीच सुचवलंय.