घाटात क्लच बसला: स्लेव्ह सिलिंडर वाटेतच बदलला त्याची हकिगत

चढ संपायच्या आधीच्या वळणावर दुसरा गिअर पडेचना. बराच वेळ पेडल मऊ लागत होतं आणि रिव्हर्स टाकताना करकर वाजत होतं. दोनतीनदा पंप मारला की तेवढ्यापुरतं जमायचं, आता पंप मारूनही पेडल तळाशीच. इंजिन बंद केलं, पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टार्टरवर गाडी हलवली आणि कडेच्या सपाट, कडक जमिनीवर घेतली. रस्ता मोकळा असेल तर असं थोडं अंतर जाता येतं. वाहतुकीत मात्र हे करू नका, कारण थांबायचं म्हटलं की दरवेळी इंजिन बंद करावं लागतं.

बरोबर मामा होते. गाडी जुनी, म्हणून नवा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमधून आला की क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा छोटा सिलिंडर) आणि डॉट ४ या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली सामानात टाकली होती. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची वय झालेली गाडी लांब नेणाऱ्याने एवढं जवळ ठेवावंच, असं माझं ठाम मत आहे. फक्त निघण्याआधी एक खात्री करा. काही गाड्यांत हा सिलिंडर बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेला असतो. तिथे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. तुमची गाडी तशी असेल तर हे काम रस्त्यावरचं नाही, सरळ टोइंग बोलवा.

पाना हातात घेण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते बघितलं. बॉनेट उघडलं तर क्लचच्या ऑइलची पातळी खाली गेलेली. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच टाकीतून पितात. क्लचची नळी सहसा वरच्या बाजूने निघते, त्यामुळे क्लच गळला तरी ब्रेकच्या वाट्याचं ऑइल राहतं. तरी त्या भरवशावर गाडी दामटू नका. मग पेडलच्या मुळाशी हात घालून पाहिलं, कोरडं होतं. मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा) बाहेर गळत असता तर ओल तिथे लागली असती. मास्टरचं सील आतल्या आत गेलं असेल तर कुठेच ओल नसते, पातळीही जागेवर असते, पण पेडल दाबून धरलं की ते हळूहळू खाली सरकतं. शेवटी गाडीखाली शिरून स्लेव्हचं रबरी बूट उलटं केलं, तर काळपट ऑइल बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. निकाल लागला.

चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. टाकीच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बसवला की नळी सोडल्यावर ऑइल कमी वाहतं. आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे: सिलिंडर अजून दोन बोल्टांनी पक्का धरलेला असतानाच नळीचा नट सैल करा. सिलिंडर सुटा झाला की तो हातात फिरतो आणि नळी पिळवटते. नट नरम असतो, साध्या फिक्स पान्याने त्याचे कोपरे जातात. नळीसाठीचा खाचेचा रिंग पाना जवळ असू द्या. आधी ब्रशने माती झाडा, कारण एक खडा आत गेला तरी नवं सील कापलं जातं.

बोल्ट काढले, पुशरॉड (सिलिंडरची ढकलणारी दांडी) फोर्कमधून (क्लच सोडवणाऱ्या दांड्यातून) सुटला. जुन्या सिलिंडरच्या आत उजेड धरला तर सील घासतं त्याच पट्ट्यात गंजाचे बारीक खड्डे दिसले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते बदललं नाही की हे होतं. अशा सिलिंडरला नुसतं रबर किट घालण्यात अर्थ नाही.

बसवताना उलटा क्रम. आधी नळीचा नट हातानेच दोनतीन आटे लावायचा, मग बोल्ट, मग पान्याने नट. हवा काढायचं निपल वर आलं पाहिजे. पुशरॉडच्या फोर्काकडच्या टोकाला ग्रीसचा ठिपका पुरतो, बुटाच्या आत साधं ग्रीस जाऊ देऊ नका, रबर फुगतं. तुमच्या नळीला बँजो बोल्ट (आतून पोकळ, ऑइल जाऊ देणारा) असेल तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवेच घाला.

खरा वेळ हवा काढण्यात गेला. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

“मामा, सावकाश दाबा.”

“दाबलं.”

“धरून ठेवा.” निपल उघडलं, साबणाच्या फेसासारखं ऑइल आलं, निपल बंद केलं. “आता सोडा.”

“अरे, हे वर येतच नाही.”

“हाताने ओढून घ्या वर.”

सुरुवातीला पेडल आपणहून वर येत नाही, त्याने घाबरू नका. मधूनमधून टाकी भरत राहा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. आमचे बुडबुडे थांबले तरी पेडल अर्धवटच होतं. तेव्हा निपल बंद ठेवून फोर्काच्या बाजूने पुशरॉड सावकाश आत दाबला आणि सोडला, असं काही वेळा केलं. अडकलेली हवा उलटी वर जाऊन टाकीत बुडबुडली आणि पेडल कडक झालं. मोठी सिरिंज असेल तर निपलमधूनच वर ऑइल ढकलणं आणखी सोपं, फक्त टाकी ओसंडू देऊ नका. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सुटतो. काही मोजक्या गाड्यांत मिनरल ऑइल असतं, म्हणून भरण्याआधी झाकणावरची खूण वाचा.

इंजिन चालू करून पेडल दाबलं, क्षणभर थांबून रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पुढच्या मुक्कामी बूट पुन्हा उलटून पाहिलं, कोरडं होतं. पातळीही जागेवर होती. तुम्हीही पहिल्या थांब्याला या दोन गोष्टी बघा, आणि मास्टर त्याच वयाचा असेल तर घरी पोचल्यावर तोही बदलून टाका.