बामणोलीचा कटला आणि चिपळूणचे दाजी

बामणोलीत जेवायला बसलात आणि मेनूकार्डावर सुरमई-पापलेट दिसलं, तर सरळ पान उलटा. ती सुरमई कोकणातून बर्फात घाट चढून आलेली असते. समोर कोयना धरणाचा जवळजवळ ५० किलोमीटर लांब शिवसागर जलाशय पसरलेला असताना तिच्या वाटेला कशाला जायचं?

हे आमच्या दाजींना पटवणं मात्र अवघड. ते चिपळूणचे. त्यांच्या लेखी मासा म्हणजे समुद्राचा. गोड्या पाण्यातला म्हणजे काट्यांचा दुधीभोपळा. दिवाळीला ताई, दाजी आणि भाचरं साताऱ्याला आली तेव्हा आईलाही गाडीत घातलं आणि कासमार्गे निघालो. फुलांचा हंगाम संपलेला, त्यामुळे पठारावर गर्दी नव्हती. पुढे उतार लागला की वळणावळणाला पाणी दिसायला लागतं.

बामणोलीत लाँचमधून एक फेरी मारली. कोयनेला इथं सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात. पलीकडच्या काठावर वासोट्याचं जंगल. तिकडं जायचं तर वनखात्याची परवानगी काढून सकाळीच निघावं लागतं. नाववाल्याने मधेच बोट दाखवून सांगितलं, "इथं खाली गाव हुतं." धरण झालं ते साठच्या दशकात, आणि जावळी-पाटणची कितीतरी गावं उठून सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडे गेली. भाचीने लगेच विचारलं, मग मासे घरांमधून फिरतात का? कुणीच उत्तर दिलं नाही.

जेवायला काठावरचं एक साधं हॉटेल धरलं. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलापासून पाच-सहा पावलांवर पाणी. पावसाळ्यानंतर यायचा हाच फायदा. मे महिन्यात पाणी खूप आत जातं आणि भेगाळलेल्या चिखलाकडे बघत जेवावं लागतं. मालकीणबाईंनी कार्ड न देताच सांगितलं, "सकाळच्या जाळ्यातला कटला हाय. मरळ थोडाच हाय, तो पोरांस्नी द्या. त्यात काटं कमी."

अगदी योग्य सल्ला. कटल्याच्या मांसात बारीक दुबेळकी काटे असतात, ते बोटांनी चाचपतच खावं लागतं. मरळाला मधला काटा काढला की काम झालं. दाजींना मात्र शंका वेगळीच होती. मातकट वास येणार, हे त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं. बाई हसल्या. मीठ-हळद चोळून दोनदा धुतला आणि वर लिंबू पिळलं की वास राहत नाही म्हणाल्या.

आधी तळलेल्या तुकड्या आल्या. कोकणात रवा लावतात, इथं तांदळाचं पीठ आणि आलं-लसूण. मग रस्सा. खरी गंमत त्याच्यातच. ओला नारळ नाही, कोकम नाही. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, कांदा-लसूण मसाला आणि वर तर्री. मटणाच्या रस्स्याचीच रीत, फक्त चिंचेचा किंचित आंबटपणा. जोडीला तांदळाची गरम भाकरी. कटल्याचा मुंडा रस्स्यात अख्खा सोडलेला होता आणि तो कुणाच्या ताटात जाणार यावर सगळे गप्प होते. आईने तो जावयाला वाढला. दाजींनी तो पार कोरून खाल्ला आणि वर म्हणाले, "मसाला चांगला आहे. माशाचं काही सांगता येत नाही."

मग मी ठेवणीतलं काढलं. म्हटलं, दाजी, हे पाणी शेवटी जातं कुठं? कोयना कराडला कृष्णेला मिळते, तिथून थेट बंगालच्या उपसागराकडे. पण धरणातलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, तिथं वीज करतं, मग कोळकेवाडीत आणखी वीज करून तुमच्या वाशिष्ठीत. उन्हाळ्यात चिपळूणजवळ नदीला पाणी दिसतं ते हेच. म्हणजे कटला आमचा असला तरी पाणी तुमचंच!

"पाणी येतं," दाजी तिसरी भाकरी मोडत म्हणाले, "मासा मधे टर्बाईनमध्ये अडकत असेल." ताईला ठसका लागला. आई म्हणाली, जेवताना वाद नकोत, आणि स्वतःच पुढे म्हणाली की जावईबापूंचं बरोबर आहे, सुरमईची चव याला नाही. आईचा पक्ष जावयाचाच, त्याला इलाज नाही.

बिल देऊन झालं तरी दाजी गल्ल्यापाशीच उभे. उद्या सकाळी जाळी किती वाजता निघतात, हे ते बाईंना विचारत होते. थर्माकोलचा डबा मिळेल का, हेही विचारलं. रात्री आम्ही तिथंच तंबूत राहिलो. सकाळी अडीच किलोचा कटला बर्फात घालून गाडीत ठेवला गेला, आईला नि मला साताऱ्यात सोडून ताई-दाजी कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरले.

संध्याकाळी ताईचा फोन. दाजींनी शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं, आणि मसाल्याचं प्रमाण हवं होतं.