दादासोबत एएच्या मीटिंगला

दादाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटली (रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, हे घरच्यांनी लक्षात ठेवाच), पण पुढे काय हा प्रश्न होताच. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना) हेल्पलाइनला फोन लावला तर त्यांनी नावसुद्धा विचारलं नाही, फक्त राहता कुठे, आणि पेठेतल्या एका शाळेतला ग्रुप सांगितला, ओपन मीटिंग आहे म्हणाले, म्हणजे घरचेही चालतात.

लहान मुलांचे बाक, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. फी नाही, फॉर्म नाही, दारू सोडायची इच्छा हवी एवढीच अट. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलायला लागले त्यातून हे उभं राहिलं, आणि अजूनही मुख्य औषध बोलणं हेच. कोण काय बोललं ते लिहिणार नाही, तो तिथला नियम आहे आणि मला तो फार पटला. दादा खाली बघत फक्त नाव सांगू शकला, तर सगळ्यांनी एका सुरात नमस्कार केला, आणि शेजारच्या काकांनी हळूच चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, आता वहिनीला तिकडे घेऊन जाणार आहे.