झिंग्यांच्या टाकीत बकरीची जंताची गोळी

आमच्या घरी जंताच्या औषधाचा डबा बारा महिने असतो, सात बकऱ्या, एक गाय अन् तिची कालवड एवढा बारदाना म्हटल्यावर राहणारच. पण त्या डब्यातलं औषध कधी माझ्या काचेच्या टाकीत जाईल असं वाटलं नव्हतं. गेलं, काम पण झालं, अन् एका गोष्टीत मी सपशेल फसलो, ते पण सांगतो.

गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे अस्सल खारपाणपट्टा. आमच्या विहिरीत टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजणारं) बुडवलं की १९०० च्या वर आकडा दाखवते, त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही तर झिंगे कुठून जगतील. शहानूर धरणाचं नळाचं पाणी येते, पण रोज येईलच असं नाही, म्हणून मी आरओची कॅन अन् नळाचं पाणी मिसळून टीडीएस दोनशेच्या आसपास ठेवतो. टाकी दोन फुटाची, आत पाणी साधारण पन्नास लिटर, थोड्या गप्पी, जावा मॉस या पाणवनस्पतीचा एक मोठा झुबका, झेब्रा नेराइट गोगलगायी दोन अन् लाल चेरी झिंगे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लोकं झिंगे खातेत अन् माह्या पोट्टा त्याईले चारा टाकते."

तर झालं असं की गप्पीची पिल्लं लवकर मोठी व्हावी म्हणून मी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारक्या झिंग्यासारख्या जिवाची, अंडी मागवली, कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिठाचं पाणी अन् हवेची नळी, दीड-दोन दिवसात नारिंगी पिल्लं तयार, लय मजा यायची, सकाळ-संध्याकाळ पिचकारीनं सोडायचो. महिनाभरात गप्पी टम्म झाल्या पण झिंग्यांची पिल्लं दिसेनाशी झाली. माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसायची, चार दिवसांनी अंडी गायब, पण पिल्लू काही दिसत नव्हतं.

एक दिवस रात्री लाइट गेली म्हणून मोबाइलचा टॉर्च काचेवर आडवा मारला तर काचेवर पांढरे धागे, अर्ध्या सेंटिमीटरचे, एक टोक काचेला चिकटलेलं अन् दुसऱ्या टोकाला पाच-सहा बारीक मिशा पसरलेल्या. बोट लावलं की आकसून टिंब होते, थोड्या वेळानं परत लांब. अन् एकाच्या कमरेला बारकं पिल्लू फुटलेलं! तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, ही तर दहावीच्या विज्ञानातली मुकुलनाची आकृती, हायड्रा, पेन्सिलीनं काढून मी तीन मार्क घेतले होते तोच.

काचेवर मोजायला घेतले, एका बाजूला साठ झाल्यावर सोडून दिलं. मॉसमध्ये किती असतील देव जाणे. बहुतेक मॉससोबतच आला असेल, कुरिअरनं मागवलं तेव्हा मी ते नुसतं खळबळून टाकलं होतं. पण आला एखादाच असेल, त्याचं गाव वसवलं मी. तो खातो काय, तर पाण्यातले बारीक जिवंत किडे, अन् मी दोन वेळा पिचकारी भरभरून तेच देत होतो. त्याच्या मिशांमध्ये जेलीफिशसारख्या डंख मारणाऱ्या पेशी असतात, जेलीफिशचा नातेवाईकच आहे तो. मोठ्या झिंग्याला काही करत नाही, पण नुकतं निघालेलं पिल्लू दोन मिलिमीटरचं, ते गुतलं की संपलं.

आधी येड्यासारखं जुन्या एटीएम कार्डानं काच खरवडली. आठ दिवसांनी दुप्पट. मग वाचलं की अब्राहम ट्रेम्ब्ले नावाच्या माणसानं १७४० च्या दशकातच याचे तुकडे करून पाहिले होते अन् तुकड्यातुकड्याचा पुरा हायड्रा झाला होता. म्हणजे मी कार्डानं पेरणी करत होतो. मग आर्टेमिया बंद, बाकी खाणं पण दोन दिवसाआड, तर काचेवरचे बारीक झाले, कमी पण झाले, पण संपेनात.

शेजारचे काकाजी रोज संध्याकाळी येऊन बसतात, हातात खर्रा. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं अन् म्हणाले, "काऊन बाप्पा एवढं टेन्शन घेतं, चिमूटभर खर्रा टाक, माणूस टिकत नाही त्याच्यापुढं, हे काय टिकते." हसण्यासारखं आहे पण अर्धं खरं आहे, सुपारीच्या अर्काची पावडर हायड्रा अन् प्लॅनेरिया (टाकीतले चपटे किडे) मारायला खरंच विकली जाते, सुपारीतलं अरेकोलिन त्याला लागू पडते. पण खर्ऱ्यात तंबाखू अन् चुना पण असतो, तंबाखूनं झिंगे आधी गेले असते. ती पावडर महाग होती अन् यायला दहा दिवस सांगत होते, अन् दुसरा उपाय सगळीकडे एकच दिसत होता, फेनबेंडाझोल, जनावरांच्या जंताचं औषध. म्हटलं हे तर आपल्या डब्यात आहे.

डबा काढला तर गाईचा बोलस, म्हणजे मोठी गोळी, निघाला. बरं झालं फोडायच्या आधी मामांना फोन लावला, ते गुरांच्या दवाखान्यात होते, आता रिटायर.

"पाकिटावर काय लिवलं हाय ते पुरं वाच मले."

"फेनबेंडाझोल, दीड ग्रॅम."

"अन् खाली?"

"आयव्हरमेक्टिन."

"मंग ठेव ते बाजूले. त्यानं गोचीड मरते, तर तुये झिंगे वाचतीन काय? एकाच खानदानाचे हायेत ते."

अंगावर काटाच आला. जनावरांच्या बऱ्याच गोळ्या अशा जोडऔषधाच्या असतात अन् वरचं मोठं नाव वाचून आपण मोकळे होतो. कोणी करणार असेल तर पाकिटाची मागची बाजू दोनदा वाचा, नुसतं फेनबेंडाझोल पाहिजे, सोबत दुसरं काही नको. बकऱ्यांसाठी आणलेली साधी १५० मिलिग्रॅमची गोळी डब्याच्या तळाशी सापडली. जनावराला किलोमागं पाच मिलिग्रॅमचा हिशोब, म्हणजे ती गोळी तीस किलोच्या बकरीची. माझ्या पन्नास लिटरला, म्हणजे अर्धा क्विंटल पाण्याला, पंधरा मिलिग्रॅम पुरे होतं, गोळीचा दहावा हिस्सा! आता गोळीचे दहा तुकडे कोण करणार. मग खलबत्त्यात बारीक केली (आईला न सांगता, मग तो खलबत्ता तीनदा घासला), १०० मिली आरओच्या पाण्यात टाकली अन् त्यातलं दहा मिली सिरिंजनं घेतलं. हे औषध पाण्यात विरघळत नाही, खाली बसते, म्हणून बाटली जोरात हलवायची अन् हलत्यातच ओढायचं, नाहीतर पहिल्या डोसात नुसतं पाणी अन् शेवटच्यात सगळी गोळी.

नेराइट गोगलगायी आधीच काढून टाकीच्याच पाण्यात बरणीत ठेवल्या, त्यांना हे औषध चालत नाही हे वाचलं होतं. फिल्टरमधला कार्बन काढला. पोळ्याच्या आदल्या रात्री पहिला डोस टाकला. पाणी थोडं दुधाळ दिसलं, तासाभरात निवळलं.

सकाळी उठल्या उठल्या बैल धुवायचे सोडून टाकीसमोर बसलो, बाबांच्या शिव्या खाल्ल्या. शेजाऱ्याचे बैल होते, आमचे नाही, तरी पण. हायड्रांच्या मिशा आखूड झाल्या होत्या, टोकाला गाठी आल्यासारख्या, अंग जाड अन् बुटकं. दुसऱ्या दिवशी बरेच काच सोडून खाली पडले. तिसऱ्या दिवशी काच साफ, मॉसमध्ये मात्र दोन-चार गोळे अजून चिकटून, म्हणून अजून दहा मिली टाकलं. झिंगे मजेत फिरत होते, एकीनं तर कात टाकली.

याच्यात एका रात्री लाइट पाच तास गेली. एवढे जीव एकदम मेले की ते सडतात, पाण्यातला ऑक्सिजन खातात, अमोनिया वाढतो, अन् तेव्हाच पंप बंद. बॅटरीचा छोटा एअर पंप लावला अन् अर्ध्या-अर्ध्या तासानं उठून पाहत बसलो. सकाळी तळ सायफन करून तिसरा हिस्सा पाणी बदललं, घाईत टीडीएस मोजला नाही, दोन झिंगे त्यानं गेले. ते मी मारले, औषधानं नाही. दहा दिवसांनी एक डोस परत दिला, कारण हायड्राची अंडी पण असतात अन् ती उशिरा फुटू शकतात.

त्याच दिवसात सोयाबीनवर फवारणी चालू होती. बाबा पंप ठेवून आले की कौतुकानं टाकीत बोट घालून गप्पीला खेळवायचे, तेव्हा मी किंचाळलो होतो, तसा आयुष्यात त्यांच्यावर कधी किंचाळलो नाही. फवारणीचं औषध बोटाला लागलेलं असलं तरी झिंग्यांचा निकाल लागतो. दोन दिवस बोलले नाहीत ते माझ्याशी.

आता फसलो कुठं ते. शेवटच्या डोसानंतर तीन आठवडे गेले, चार वेळा पाणी बदललं, कार्बन परत लावला, झिंग्यांची पिल्लं दिसायला लागली होती, मनात म्हटलं झालं सगळं. बरणीतल्या दोन्ही नेराइट परत सोडल्या. पहिल्या दिवशी काचेवर चढल्या. दुसऱ्या दिवशी खाली, पाय अर्धा बाहेर, शंखाचं झाकण उघडं. पाचव्या दिवशी वास आला. विरघळत नाही म्हणून जे औषध हलवून हलवून टाकलं, तेच वाळूत, स्पंजात जाऊन बसलं होतं, अन् वरचं पाणी किती पण बदला, खालचं हलत नाही. ज्यांच्या घरी नेराइट आहेत त्यांनी हे टाकायच्या आधी दहा वेळा विचार करा, महिनोन्‌महिने ती टाकी त्यांच्या कामाची राहत नाही. माझ्याकडं चोरून आलेल्या बारक्या रॅमशॉर्न गोगलगायी मात्र तगल्या, ज्या मला नको होत्या त्या.

दिवाळीपर्यंत झिंगे मोजता येईनात एवढे झाले. आर्टेमिया आता आठवड्यातून एकदा, ती पण एका कपात गप्पीची पिल्लं काढून तिथंच देतो, उरलेलं झाडाला. काचेवरचं शेवाळ मीच घासतो, त्याच एटीएम कार्डानं.

परवा अंगणातल्या टाक्यात टॉर्च मारला, तिथं पण मी कधीतरी जास्तीचं मॉस टाकलं होतं. कडेला तीन हायड्रा मिशा पसरून बसले होते. तिथं काही टाकलं नाही, त्यातलं पाणी बकऱ्या पितात अन् त्यांचा डोस पोळ्यालाच होऊन गेलाय.