माझ्या मॉन्स्टेराच्या पानांवरचे तपकिरी डाग

पहिला डाग दिसला तेव्हा मातीचा शिंतोडा उडाला असेल असं वाटून मी तो ओल्या फडक्याने पुसायला गेले. पुसला गेला नाही. सगळ्यात खालच्या पानाच्या कडेजवळ, टिकलीएवढा, गडद तपकिरी, आणि भोवती पिवळी कड. चार दिवसांनी शेजारच्या पानावर तसेच आणखी दोन.

हा मॉन्स्टेरा, म्हणजे मोठ्या, चिरा असलेल्या पानांचं शोभेचं झाड, माझ्याकडे तीन वर्षं आहे. आणला तेव्हा दोनच पानं होती. नंतरचं प्रत्येक पान सुरळीतून उलगडताना मी पाहिलंय, त्यामुळे ते डाग बघून पोटात गोळा आला.

पानं थोडी मलूल दिसत होती म्हणून आधी मी पाणी वाढवलं. डागही वाढले. मग करपा असावा असं ठरवून बुरशीनाशक फवारलं आणि हवा कोरडी पडत असेल म्हणून रोज सकाळी पानांवर पाण्याचे फवारे सुरू केले. हे फवारे तर फारच चुकले. पानावर साचून राहिलेलं पाणी हीच बुरशीला आणि जिवाणूंना पसरायची वाट असते. दोन आठवडे यातच गेले.

त्या काळात एक काम मात्र उपयोगी पडलं. बारीक टोकाच्या मार्करने मी प्रत्येक डागाच्या कडेने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. रोज बघून डाग वाढतोय की नाही ते कळत नाही, आपल्याला जे वाटत असतं तेच दिसतं. आठवड्याने तपकिरी रंग रेघेच्या बाहेर 4-5 मिलिमीटर गेला होता. आणि रेघा मारता मारता लक्षात आलं की सगळे डाग खालच्या तीन पानांवरच आहेत, वरचं कोवळं पान स्वच्छ आहे. उन्हाने भाजलं असतं तर खिडकीकडच्या पानावर फिकट, कोरडे चट्टे आले असते. पाणी कमी पडलं असतं तर कडा कुरकुरीत झाल्या असत्या. माझे डाग गडद होते आणि बोटाला मऊ लागत होते. मोबाईलचा टॉर्च लावून पानांची मागची बाजूही पाहिली. फुलकिडे नाहीत, त्यांचे चंदेरी ओरखडे नाहीत, कोळी किडीची जाळी नाही.

आईला फोन केला. ती शेतात वाढलेली. मी डागांचं वर्णन करत होते आणि ती मध्येच म्हणाली, "अगं, पानाचं राहू दे, मातीत बोट घालून बघ. वाफसा आहे का तिला?"

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण तो कुंडीला लावून पाहावा असं कधी सुचलं नव्हतं. मातीत ओल आहे आणि हवाही खेळती आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. बोट घातलं तर दोन पेरांवर चिखल लागला, शेवटचं पाणी देऊन सहा दिवस झाले असताना. वास कुबट, तुंबलेल्या मोरीसारखा.

त्याच संध्याकाळी वर्तमानपत्र अंथरून झाड उपसलं. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत दोन बोटं पाणी साचलेलं होतं. आतल्या कुंडीत निचऱ्यासाठी म्हणून मी तळाला खडे घातले होते. त्या खड्यांनी निचरा होत नाही. बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या थरात सहज उतरत नाही, वरच अडून राहतं, आणि मुळं नेमकी तिथेच असतात. मुळांनाही प्राणवायू लागतो, आणि पाण्यात तो हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. पाण्याने भरलेल्या मातीत मूळ गुदमरतं, मग कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. मुळंच निकामी झाल्यावर चिखलात उभं असलेलं झाडही तहानेने मलूल होतं. तेच बघून मी आणखी पाणी घालत होते.

एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं. वरचं साल बाहीसारखं निघून हातात आलं आणि आत नुसता दोरा उरला. धडधाकट मूळ पांढरट आणि टणक असतं. तसं जेमतेम एक तृतीयांश शिल्लक होतं. हातमोजे घालून, दर वेळी कात्रीचं पातं स्पिरिटने पुसत, कुजलेलं सगळं कापलं. मॉन्स्टेराच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कातडीला खाज सुटते. पूर्ण करपलेली दोन पानं देठापासून काढली. बाकी डागाळलेली ठेवली, कारण हिरव्या भागावरच झाड अन्न तयार करत असतं.

मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या जंगलांतला. तिथे तो मोठ्या झाडांवर चढतो, त्याची मुळं पालापाचोळ्यात आणि सालींच्या फटींत शिरतात. त्याला मी गच्च माती दिली होती. या वेळी निम्मी झाडाच्या सालीची ढलपी घेतली, उरलेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) समप्रमाणात. कुंडी मुद्दाम लहान, उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच. खडे नाहीत. इतर झाडांपासून तो बाजूला ठेवला, न जाणो संसर्ग असला तर.

पुढचे सहा आठवडे खत नाही. वरची दोन पेरं कोरडी लागली की खालून वाहेपर्यंत पाणी द्यायचं आणि ताटली लगेच रिकामी करायची. हे अंतर नऊ-दहा दिवसांचं निघालं. तिसऱ्या आठवड्यात आणखी एक पान पिवळं पडलं आणि माझा धीर सुटत आला होता. पण मार्करच्या रेघांकडे पाहिलं तर तपकिरी रंग एकाही ठिकाणी पुढे सरकला नव्हता. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

सातव्या आठवड्यात शेंड्याच्या देठातून पोपटी टोक वर आलं. सुरळी उलगडायला पाच दिवस लागले. पान आधीच्यापेक्षा लहान, चिराही दोनच, पण डाग एकही नाही. खालच्या पानांवरचे जुने डाग तसेच आहेत, ते कधीच हिरवे होणार नाहीत. त्यांच्याभोवतीची मार्करची रेघ आणि तारीख अजून वाचता येते, मीही ती पुसलेली नाही.