एका सहीसाठी पाच आठवडे

त्या कॉलेजच्या फाटकावरून जाताना अजून डोकं तापतं. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मला त्यांच्या बी.एड.च्या वर्गात फक्त चाळीस मिनिटं हवी होती. भावी शिक्षकांना इंग्रजीबद्दल काय वाटतं, ते ती कशासाठी शिकतात आणि त्यांना ती प्रत्यक्षात किती येते, यांचा संबंध तपासायचा होता. विषय, गुजरातीतली प्रश्नावली, सगळं वेळेत झालं.

वडोदऱ्यातल्या रावपुऱ्यातून परवानगीचा अर्ज घेऊन गेले. कारकुनाने ठेवून घेतला. "काले आवजो, बेन." म्हणजे उद्या या, ताई. असे पाच सोमवार! एकदा प्राचार्य बाहेरगावी, एकदा प्रश्नावलीच सापडेना, मग विद्यापीठाचं पत्र मूळच हवं. ते मी दुसऱ्या कॉलेजात देऊन बसले होते. प्रत्येक कॉलेजच्या नावाने वेगळं पत्र घ्या. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्याकडे शिक्का नव्हता, म्हणून चौथ्या सोमवारी "अर्ज आलाच नाही" हेही ऐकलं. प्राचार्यांची सही झाली तोवर दुसऱ्या वर्षाची मुलं १६ आठवड्यांच्या इंटर्नशिपला शाळाशाळांत पांगली होती. मांडवीपासून मांजलपूरपर्यंत हिंडून एकेकाला गाठलं.

प्रश्नावली भरताना पर्यवेक्षक शेजारी असले की सगळे 'पूर्ण सहमत'वर खूण करतात. त्यांना बाहेर थांबायची विनंती करा, नावं लिहायला लावू नका. 'इंग्रजी कंटाळवाणी आहे' अशा नकारार्थी विधानांचे गुण उलटे करूनच (तिथे 'पूर्ण सहमत'ला सगळ्यात कमी) बेरीज करायची, हे आत्ता आठवलं. 'इंग्रजी किती येतं' हे नुसतं विचारूनही भागत नाही. मी उताऱ्यातला दर सातवा शब्द गाळून तो भरायला दिला.

भाषा शिकण्यामागच्या प्रेरणेचा अभ्यास करणाऱ्या गार्डनर आणि लॅम्बर्ट यांना १९५९ मध्ये माँट्रियलच्या, फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांत फ्रेंच भाषकांशी जवळीक साधण्याची ओढ महत्त्वाची दिसली. यास्मीन लुकमानींना १९७२ मध्ये मुंबईच्या मराठी भाषक शाळकरी मुलींत इंग्रजी शिकण्यामागे व्यावहारिक हेतू वरचढ दिसला. माझ्यासमोरची बहुतेक मुलंही नोकरीबद्दलच बोलत होती.

एक मुलगी मात्र म्हणाली, "ताई, इंग्रजी आवडतं मला. वर्गात चुकले तर मुलं हसतील, म्हणून बोलत नाही." तिचा उतारा जवळजवळ बिनचूक होता. गार्डनरच्या प्रश्नावलीत वर्गातल्या भीतीसाठी स्वतंत्र विधानं आहेत. लांबी कमी करायला मी नेमकी तीच गाळली होती. तुम्ही गाळू नका.