वायसर

गुरुवार होता म्हणून हे सगळं घडलं. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी काहीतरी बंद असतंच. कधी पाणी, कधी वीज, आणि योग चांगला असेल तर दोन्ही. परवा योग चांगला होता. बायको बहिणीकडे चिंचवडला गेलेली, मी रजेवर. जेवून जरा आडवा होतोय तोच पंखा थांबला. पंखा थांबला की इतके दिवस त्याच्या मागे दडून बसलेले आवाज एकेक करून बाहेर येतात. खालच्या मजल्यावरचा खोकला, कबुतरं, लांब कुठेतरी चाललेलं टाइल्स कापायचं यंत्र. आणि स्वयंपाकघरातून टप्प. मग पुन्हा टप्प.

नळ गळतोय हे मला काही परवा कळलं नाही. दोन महिने तो गळत होता. बायको तो जिवाच्या आकांताने पिळून बंद करायची, मीही पिळायचो, आणि आपण गेल्यावर तो पुन्हा सुरू करायचा. पण पंख्याखाली ते ऐकू येत नव्हतं, आणि जे ऐकू येत नाही ते उद्यावर टाकता येतं.

सिंकच्या वर भिंतीवर एक घड्याळ आहे. कंपनीत पंचवीस वर्षं झाली तेव्हा व्यासपीठावर बोलावून, शाल घालून, टाळ्यांच्या गजरात दिलेलं. खाली पितळी पट्टीवर माझं नाव कोरलंय आणि त्यात आडनावाचा दीर्घ ऱ्हस्व झालाय. सुरुवातीला ते बाहेरच्या खोलीत होतं. पण आमच्याकडे येणारा माणूस वेळ बघायच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो. चौथ्या पाहुण्यानंतर घड्याळ आत गेलं. परवा त्याचा सेकंदकाटा आणि नळाचा थेंब अगदी हातात हात घालून चालले होते. मी नळाखाली पेला ठेवला. वीस मिनिटांत भरला. म्हणजे तासाला तीन पेले, दिवसाला 72 पेले, पेला 200 मिलिलिटरचा धरला तर 14 लिटरच्या वर. रोज एक बादली, गेले दोन महिने.

जुलै-ऑगस्टमध्ये मी धरणांवर अधिकारवाणीने बोलत असतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही मिळून 29.15 टीएमसी, आज किती टक्के, मुठेत किती क्युसेक सोडलं. सकाळच्या फिरण्यात माझ्यासकट सगळे टीएमसीत बोलतात. बादलीत कोणी बोलत नाही. माझी आजी बादलीत बोलायची. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, पूर ओसरला आणि नळ कोरडे पडले. त्यानंतर ती मरेपर्यंत घरातलं प्रत्येक रिकामं भांडं भरून ठेवत असे. फुलदाणीसुद्धा. तिच्यासमोर हा नळ दोन महिने गळला असता तर काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

वायसर घरात होता. महिन्यापूर्वी बोहरी आळीत दुसऱ्याच कामाला गेलो होतो तेव्हा आठवणीने मागितला होता. दुकानदार म्हणाला, "अर्धा इंची की पाऊण?" मी अंगठा आणि तर्जनीत अंतर दाखवलं. त्याने माझ्या बोटांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही आकाराचे दिले. तेव्हापासून ते ड्रॉवरमध्ये कागदाच्या पुडीत पडून होते.

माळ्यावरचा कॉक बंद केला. तो तरी बंद होईल की नाही अशी धाकधूक होती, झाला. पाना लावला. पाना निसटला, बोटाचं साल गेलं. फडकं गुंडाळून पुन्हा लावला, सगळा भार टाकला, आणि नळाने कुरकुर करत मान सोडली. आत तो जुना वायसर. काळा, चपटा, मधोमध गोल चर पडलेला, दाबून धरल्याची खूण अंगभर. आमच्या वाड्यातल्या नळांना चामड्याचे असायचे. ते सुकले की वडील आधी पाण्यात भिजवून बघायचे, मगच बदलायचे. हा रबराचा, भिजवून काही होणार नव्हतं. नवा बसवला (अर्धा इंची निघाला), डोकं फिरवून घट्ट केलं, माळ्यावरचा कॉक उघडला आणि खाली उतरून उभा राहिलो.

काही नाही.

एक मिनिट, दोन मिनिटं. वर सेकंदकाटा एकटाच चाललाय. नळाच्या तोंडाशी एक थेंब धरला, फुगला, आता पडतो की काय असं वाटलं आणि तिथेच राहिला. तो पडला नाही. पंचवीस वर्षांच्या त्या शालीने जे झालं नव्हतं ते मला तेव्हा झालं. छाती म्हणतात ती खरोखर फुगते.

पण सांगायचं कोणाला? मुलगा बंगळुरूला, त्या वेळी मीटिंगमध्ये. घरच्या ग्रुपवर "नळ दुरुस्त केला" असं लिहिलं, वाचून बघितलं, पुसून टाकलं. फोटो काढायचा तर कशाचा? न गळणाऱ्या नळाचा फोटो बंद नळासारखाच येतो.

अशी माझी एक यादीच आहे, कोणाला दाखवण्यासारखी नसलेली. दोन वर्षांपूर्वी पर्वतीच्या पायऱ्या मध्ये न थांबता चढलो होतो आणि वर गेल्यावर दम लागलाच नाही असा चेहरा केला होता, तोही कुणी बघत नसताना. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण पेटलेलं असताना तीन परिच्छेद लिहून न पाठवता झोपलो होतो. त्या रात्रीइतकी शांत झोप... असो.

आई आठवली ती नळामुळे नाही, त्या न पडलेल्या थेंबामुळे. तिच्या हातून दूध कधी उतू गेलं नाही. आम्ही ते कर्तृत्व वगैरे समजलो नाही. दुसऱ्यांच्या घरी दूध उतू जातं, आमच्याकडे जात नाही, एवढंच. ती दुधापाशी उभीही नसायची. भाजी चिरत असेल, कोणाशी बोलत असेल, आणि साय वर घुमटासारखी उठायच्या क्षणी हात जाऊन गॅस बारीक. पुढे शिट्टीचा दुधाचा कुकर निघाला, मामाने तिला आणून दिला. "शिट्टी झाल्यावर मग काय लक्ष ठेवायचं?" म्हणाली आणि त्यात डाळीचं पीठ भरून ठेवलं.

1984 च्या जूनमध्ये आमचा दहावीचा निकाल लागला. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात दहावीला दोघं होतो, मी आणि माडीवरचा एक. तो बोर्डात आला. गुणवत्ता यादीत! दुपारपर्यंत वाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेचे सर, नातेवाईक, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. त्याची आई त्याला पेढा भरवतेय आणि दोघं कॅमेऱ्याकडे बघताहेत, असा तो फोटो तीनदा काढला. त्याला तो पेढा ना खाता येत होता ना तोंडातून काढता येत होता. मला 62 टक्के होते. त्यात वाईट काही नव्हतं, पण त्या दिवशी ते कोणी विचारण्यासारखंही नव्हतं. मी मागच्या बाजूला हौदाच्या काठावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने आई आली. काही बोलली नाही. पदराला हात पुसत शेजारी टेकली, हौदात चिंचेची पानं पडली होती ती दोन-चार वेचून बाहेर टाकली. मग एकदम उठली आणि जवळजवळ पळतच आत गेली. मला वाटलं, पेढे आणायला गेली.

संध्याकाळी वडील आल्या आल्या म्हणाले, "काहीतरी लागलंय का?" आई म्हणाली, "माडीवर बासुंदी आटवताहेत." बास. विषय संपला.

त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी, म्हणजे आई थकली होती, इथेच असायची, तेव्हा एकदा आमच्या ओट्यावर दूध उतू गेलं. बायको चिडून पुसत होती. आई खुर्चीतून म्हणाली, "जातं गं. माझंही एकदा गेलंय."

"एकदाच?" बायको म्हणाली.

"एकदाच. रथसप्तमीचं सोडून."

आता रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवून ते मुद्दाम उतू घालवायचंच असतं. ते कोण कशाला धरेल? पण तिने ते वजा केलं होतं. म्हणजे ही बाई इतकी वर्षं मोजत होती! तिच्याकडेही यादी होती, आणि एकाच ओळीची. कधी गेलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तो बासुंदीचा वास मला नीट आठवत होता, आणि तो बासुंदीचा नव्हता.

परवा साडेसहाला बायको आली. चिंचवडच्या बातम्या सांगत सांगत तिने हात धुतले आणि नेहमीसारखा नळ करकचून पिळला. मला बोलवेना आणि बघवेना. नव्या रबराला इतकं पिळायचं नसतं, त्याचाही आठवड्यात चर पडेल. पण तसं म्हणालो असतो तर सगळंच बाहेर आलं असतं. मी गप्प राहिलो. जेवणं झाली, वीज केव्हाच आली होती, पंखा फिरत होता. दहा वाजता मी उठून पंखा बंद केला.

"काय झालं?"

"काही ऐकू येतंय?"

तिने कान दिला. "नाही. काही नाही."

"तेच," मी म्हणालो.

तिने माझ्या बोटावरच्या चिकटपट्टीकडे बघितलं. मग पांघरूण ओढत म्हणाली, "मग बाथरूमचाही बघ उद्या. आणि पंखा लाव."

बाथरूमचा नवा आहे, अर्ध्या फेऱ्यात उघडणारा. त्यात वायसर नसतो.